घरच्या घरी सॅलडची पाने : रोपे लांबुडकी होतात, पाने लवकर कडू होतात, उपाय काय?

खिडकीकाठ (प्रश्न)

नमस्कार. लेट्यूस, रॉकेट आणि कोवळा पालक अशी सॅलडला लागणारी पाने घरीच वाढवावीत, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्यासाठी एक अरुंद बाल्कनी आणि तिच्या शेजारची एक मोठी खिडकी एवढीच जागा आहे. बाल्कनीत सकाळी तीन-साडेतीन तास थेट ऊन येते. त्यानंतर दिवसभर नुसता उजेड असतो. खिडकीत थेट ऊन जवळजवळ येत नाही.

अडचणी अशा आहेत. हवा थंड असताना लेट्यूसचे जे बी भराभर उगवले, त्याच पाकिटातील बी उष्णता वाढल्यावर जेमतेम कुठेकुठे उगवले. खिडकीत ठेवलेली रोपे दोऱ्यासारखी बारीक आणि उंच होतात, एका बाजूला कलतात आणि पुष्कळदा मुळाशी कोलमडतात. बाल्कनीतील रोपे त्यांच्यापेक्षा सुदृढ आहेत. पण वीतभर वाढली की मधला दांडा झपाट्याने वर येतो आणि पाने इतकी कडू होतात की खाववत नाहीत. खत कमी पडते आहे का, मातीत काही दोष आहे का, की ही पाने अशा जागेत वाढतच नाहीत? रोज थोडी थोडी पाने मिळत राहावीत, एवढीच अपेक्षा आहे. सविस्तर मार्गदर्शन मिळाल्यास उपकृत होईन.

पर्णमित्र

आपण सांगितलेल्या तिन्ही अडचणींचे मूळ उजेड आणि तापमान यांत आहे. त्यामुळे खताचा विचार तूर्त बाजूला ठेवावा.

आधी उगवणीबद्दल. लेट्यूस हे थंड हवेचे पीक आहे. माती १५ ते २० अंश सेल्सिअस असताना त्याचे बी साधारणपणे आठवड्याच्या आत उगवते. मातीचे तापमान २७ ते ३० अंशांच्या पुढे गेले की बहुतेक वाणांचे बी पुरेसा ओलावा मिळूनही सुप्तावस्थेत जाते. ते मेलेले नसते, त्यामुळे पाकीट फेकून देऊ नये. उष्ण दिवसांत पेरणी सकाळी न करता संध्याकाळी करावी, म्हणजे बी पाणी शोषून घेते ते पहिले नाजूक तास रात्रीच्या गारव्यात जातात. याहून खात्रीचा उपाय म्हणजे बी ओलसर कागदात गुंडाळून, झाकणाच्या डबीत घालून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवणे आणि मग पेरून कुंडी उगवण होईपर्यंत सावलीत ठेवणे. आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही : लेट्यूसच्या अनेक वाणांच्या बियांना उगवण्यासाठी उजेडाचा स्पर्श लागतो. बी खोल पुरले तर ते वर येत नाही. मातीवर बी भुरभुरून त्यावर अर्धा सेंटिमीटरपेक्षाही कमी, चाळलेल्या खताचा पातळ थर द्यावा आणि हलक्या हाताने दाबावे.

आता खिडकीतील रोपांबद्दल. आपल्या डोळ्यांना खिडकीतला उजेड भरपूर वाटतो, कारण डोळा कमी-अधिक प्रकाशाशी फार चटकन जुळवून घेतो. रोपाला ती सोय नाही. निरभ्र दिवशी उघड्यावर दुपारी सुमारे १,००,००० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर १०,००० लक्सच्या आसपास मिळतो, मात्र थेट ऊन नसलेल्या खिडकीच्या आत तो काही हजारांवर आणि खोलीच्या मध्यावर काही शेकड्यांवर येतो. एवढ्या कमी प्रकाशात रोप आपला सगळा जोर उजेडाकडे पोहोचण्यासाठी दांडा लांबवण्यात घालते, म्हणून ते बारीक होऊन कलते. त्यात खोली उबदार असली तर वाढीचा वेग वाढतो आणि रोप अधिकच लांबते. अशा रोपाला खत दिल्यास ते आणखी मऊ आणि दुबळे होईल.

यावर दोन मार्ग आहेत. उगवण दिसताच, म्हणजे पहिली दोन बीजपत्रे उघडलेली असतानाच, ट्रे बाल्कनीतल्या उन्हात न्यावा. किंवा घरातच ठेवायचा असेल तर वर पांढऱ्या एलईडीचा दिवा लावावा. रोपांच्या पातळीवर १०,००० ते १५,००० लक्स प्रकाश दिवसातून १४ ते १६ तास मिळाला तर कोवळी पाने उत्तम तयार होतात. त्यासाठी साधी एलईडी नळी पानांपासून १५ ते ३० सेंटिमीटर अंतरावर असावी लागते. छताला लावलेला दिवा कितीही प्रखर दिसला तरी या कामाचा नाही. दिव्याला टायमर जोडावा आणि रात्री अंधार राहू द्यावा. रोपांवरून रोज हलका हात फिरवला किंवा छोट्या पंख्याची मंद झुळूक सोडली तर दांडे आखूड आणि मजबूत होतात, हेही करून पाहण्यासारखे आहे. उजेड पुरतो आहे की नाही हे ओळखण्यासाठी लाल पानांचे एखादे वाण सोबत लावावे. प्रखर प्रकाशात त्याचा लाल रंग गडद होतो आणि प्रकाश कमी पडला की तेच पान हिरवट राहते.

खिडकी कोणत्या दिशेची घ्यावी, याचे उत्तर जागेनुसार बदलते. उत्तर गोलार्धात विषुववृत्तापासून दूर असलेल्या प्रदेशांत दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली आणि दक्षिण गोलार्धात उत्तरेची. विषुववृत्ताजवळ मात्र दुपारचा सूर्य थेट छपरावर असतो आणि खिडकीतून आत येतच नाही, म्हणून तिथे पूर्वेची खिडकी अधिक उपयोगी पडते.

राहिला कडूपणा. दिवस मोठा आणि हवा उष्ण झाली की लेट्यूस फुलोऱ्यावर येण्याच्या तयारीला लागते. मधला दांडा वर येतो तेव्हा झाडातल्या पांढऱ्या चिकाचे प्रमाण वाढते. त्या चिकात लॅक्टुसिन व त्याच्यासारखी कडू द्रव्ये असतात. मुळांना पाण्याचा ताण पडला, दाटी झाली किंवा कुंडी फार लहान असली तर हे आणखी लवकर घडते. दांडा एकदा वर आला की पाने पुन्हा गोड करण्याचा उपाय नाही. झाड काढून जागा मोकळी करावी हेच उत्तम. म्हणून मी आपल्याला आग्रहाने सांगेन की, गड्डा तयार होण्याची वाटच पाहू नये. सुट्या पानांची वाणे, उदाहरणार्थ ओक लीफ किंवा लोलो रोसो, दाट पेरावीत आणि पाने बोटभर झाली की कापायला सुरुवात करावी. आइसबर्गसारखी घट्ट गड्ड्याची वाणे थंड हवेचा दीर्घ काळ मागतात. बाल्कनीत त्यांच्यामागे लागू नये. सकाळच्या तीन तासांच्या उन्हात कोवळी पाने नक्की होतात आणि दुपारचे कडक ऊन तिथे येत नाही, ही तर आपल्या जागेची मोठी जमेची बाजू आहे.

वाफसा

पर्णमित्र यांच्या उत्तराशी मी सहमत आहे. मात्र मुळाशी कोलमडणाऱ्या रोपांचे कारण केवळ कमी उजेड हे नाही. दांडा मातीलगत पाणचट होऊन, आकसून रोप आडवे पडत असेल तर ती रोपमर आहे. पिथियम आणि रायझोक्टोनिया यांसारख्या सूक्ष्मजीवांमुळे ती होते आणि सतत ओली माती, कोंदट हवा आणि दाट पेरणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की झपाट्याने पसरते. रोगट रोपांवर औषध शोधण्यापेक्षा त्यांच्याभोवतीची थोडी मातीही काढून टाकावी, जुन्या कुंड्या घासून धुवाव्यात आणि बी पेरण्यासाठी दरवेळी ताजे मिश्रण घ्यावे.

कुंडीत नुसती बागेतली माती भरू नये. जमिनीवर ती चांगली असते, कारण तिच्याखाली निचऱ्याला खोली असते आणि गांडुळे ती पोकळ ठेवतात. कुंडीत तीच माती काही पाण्यांतच घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. चाळलेले, पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा गांडूळखत एक भाग, कोकोपीट एक भाग आणि पर्लाइट (माती पोकळ ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे) किंवा जाडसर वाळू अर्धा भाग, हे मिश्रण पानांसाठी पुरेसे आहे. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात, म्हणून ते भरपूर पाण्याने धुऊन, निथळून मगच वापरावे. या पिकांची मुळे उथळ असल्यामुळे १५ सेंटिमीटर खोली पुरते. खोल गोल कुंडीपेक्षा लांबट, पसरट कुंडी घ्यावी, आणि तळाला भोके हवीतच. तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारतो हा समज खरा नाही; पाणी बारीक मातीतून जाड खड्यांत सहज उतरत नाही, त्यामुळे ओलसर थर उलट मुळांच्या अधिक जवळ येतो.

पाण्याचा नियम वेळापत्रकाने ठरवू नये. बोट पेरभर खुपसून पाहावे. वरची माती सुकलेली आणि खालची ओलसर लागली तर पाणी द्यावे. लहान रोपांना झारीने वरून पाणी घालण्यापेक्षा कुंडी पसरट ताटलीत ठेवून खालून पाणी शोषू द्यावे आणि अर्ध्या तासाने उरलेले पाणी ओतून टाकावे. याने दांड्याजवळचा भाग कोरडा राहतो आणि ओल्या मातीवर घोंघावणारी बारीक चिलटेही कमी होतात. माती एकदा कडकडीत वाळली आणि मग धो-धो पाणी मिळाले, असे हेलकावे पानांना मानवत नाहीत. आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात, त्याचे कारण बहुधा मातीतला कॅल्शियमचा तुटवडा नसून तो त्या पानांपर्यंत न पोहोचणे हे असते. कॅल्शियम पाण्याच्या प्रवाहाबरोबर जातो आणि कोंदट हवेत आतल्या पानांतून बाष्पीभवनच होत नाही. तिथे चुना घालण्याऐवजी हवा खेळती ठेवावी.

खताचेही सांगतो. कंपोस्टयुक्त मिश्रणात पहिल्या कापणीपर्यंत वेगळे खत लागत नाही. कापणीनंतर मात्र झाडाला पुन्हा पाने काढायची असतात, तेव्हा शिफारशीच्या निम्म्या प्रमाणात पातळ केलेले द्रवखत द्यावे. नत्राचा मारा केल्यास पाने मोठी पण लुसलुशीत होतात, त्यांवर मावा पटकन येतो आणि कमी उजेडात वाढलेल्या पानांत नायट्रेटही अधिक साठते.

रानपाला

थोडे वेगळे मत मांडतो. सुरुवात लेट्यूसने करूच नये. रॉकेट, मिझुना (मोहरीच्या कुळातील जपानी पालेभाजी) आणि मोहरीची पाने तीन-पाच दिवसांत उगवतात, उष्णतेत त्यांचे बी रुसत नाही आणि चार आठवड्यांत कापणीला येतात. उष्णतेत रॉकेट तिखट होते व लवकर फुलते हे खरे, पण त्याची फुलेही खाता येतात. भर उन्हाळ्यात पालकाचाही हट्ट सोडावा, कारण दिवस १३-१४ तासांहून मोठा झाला की तो फुलोऱ्याकडे वळतो. त्या काळात राजगिऱ्याची कोवळी पाने, घोळ, मायाळू आणि चार्ड लावावे. ही पाने उष्णता आनंदाने सोसतात. एकच पीक बारा महिने घेण्याचा प्रयत्न हेच निराशेचे मोठे कारण असते.

खिडकीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. कोलमडलेल्या रोपांचे दांडे खरोखरच मातीलगत पाणचट झालेले आहेत, त्यामुळे वाफसा यांचे निदान तंतोतंत लागू पडते. आता आणखी दोन शंका आहेत. पाने नेमकी कशी कापावीत आणि रोजच्या पुरवठ्यासाठी किती कुंड्या लागतील? तसेच मातीशिवाय, नुसत्या पाण्यात लेट्यूस वाढवण्याविषयी बरेच ऐकले आहे. खिडकीत दिव्याखाली ते करणे सोपे पडेल का?

पर्णमित्र

कापणीच्या दोन पद्धती आहेत. दाट पेरलेल्या कुंडीत पाने ८ ते १० सेंटिमीटर उंच झाली की स्वच्छ, धारदार कात्रीने मातीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर सरसकट कापावे. मधला वाढीचा कोंब शाबूत राहिला पाहिजे. तो कापला गेला तर पुन्हा फुटवा येत नाही. सुट्या झाडांवर मात्र फक्त बाहेरची पाने खुडत जावे आणि आतली पाच-सहा पाने नेहमी ठेवावीत. दुसरी पद्धत सावकाश उत्पन्न देते, पण एकच झाड बरेच दिवस टिकते.

हिशेब असा मांडता येईल. चांगल्या उजेडात दाट पेरलेले लेट्यूस पेरणीपासून चार-पाच आठवड्यांनी पहिल्यांदा कापता येते. पुढच्या दोन कापण्या साधारण दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने मिळतात. त्यानंतर पाने जाड आणि कडवट होऊ लागतात. म्हणजे एका कुंडीचे आयुष्य आठ-नऊ आठवडे. दर दोन आठवड्यांनी एक कुंडी पेरायची ठरवली तर चार-पाच लांबट कुंड्यांत चक्र पूर्ण होते. जागा तीनच कुंड्यांची असेल तर दर तीन आठवड्यांनी पेरावे. लेट्यूसच्या एका ग्रॅममध्ये ८०० ते १,००० बिया असतात, त्यामुळे सगळे पाकीट एकदम रिकामे करण्याचा मोह टाळावा. उरलेले बी हवाबंद डबीत, थंड आणि कोरड्या जागी ठेवल्यास पुढची दोन-तीन वर्षे चांगले उगवते. माझ्या मते या सगळ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाची सवय हीच आहे : थोडे पेरणे, पण ठरल्या दिवशी न चुकता पेरणे. पहिली कुंडी छान भरली की पुढची पेरणी मागे पडते आणि दीड महिन्याने एकाएकी पाने संपतात. म्हणून जुन्या कुंडीची पहिली कापणी झाली की त्याच दिवशी नवी पेरणी झालेली आहे ना, हे तपासावे.

जलमूळ

पाण्यातील पद्धतीबद्दल सांगतो. घरासाठी सर्वांत साधी पद्धत म्हणजे हवाई विद्यापीठातील बर्नार्ड क्रॅट्की यांनी विकसित केलेली स्थिर पाण्याची पद्धत. हिला पंप किंवा वीज लागत नाही. एका लेट्यूससाठी सुमारे चार लिटरचे झाकणाचे, अपारदर्शक भांडे घ्यावे. झाकणाच्या भोकात जाळीदार पेला बसवून त्यात रोप ठेवावे आणि पेल्याचा तळ जेमतेम बुडेल इतके पोषणद्रावण भरावे. झाड पाणी पीत जाते तशी पातळी उतरते आणि मोकळ्या झालेल्या जागेत हवेतून प्राणवायू घेणारी मुळे वाढतात. ही मुळे म्हणजे या पद्धतीचा प्राण आहे, म्हणून पाणी कमी झालेले दिसताच भांडे पुन्हा काठोकाठ भरू नये. तसे केल्यास ती मुळे गुदमरून झाड सुकते. भरायचेच झाल्यास थोडेच भरावे.

द्रावणाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) ५.५ ते ६.५ आणि विद्युतवाहकता (ईसी, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे माप) ०.८ ते १.२ मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर ठेवावी. कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट-सल्फेट असलेली खते घट्ट स्वरूपात एकमेकांत कधीही मिसळू नयेत. त्यांचा साका तळाशी बसतो आणि झाडाला उपयोग होत नाही. प्रत्येक खत भरपूर पाण्यात वेगवेगळे विरघळवून घ्यावे. भांड्यात उजेड शिरला तर शेवाळ धरते आणि झाकणाला फट राहिली तर डास अंडी घालतात. ही दुसरी बाब आरोग्याच्या दृष्टीने गंभीर आहे, तेव्हा प्रत्येक फट बारीक जाळीने किंवा स्पंजने बंद करावी. द्रावण २४ अंशांपेक्षा जास्त तापले की त्यात प्राणवायू कमी होतो आणि मुळे कुजू लागतात. त्यामुळे तापणाऱ्या बाल्कनीपेक्षा घरातल्या दिव्याखालीच ही पद्धत चांगली चालते. आपल्या खिडकीसाठी ती योग्य आहे, परंतु दिवा नसेल तर पाण्यातली रोपेही मातीतल्यासारखीच लांबुडकी होतील.

वाफसा

जलमूळ यांनी दिलेली माहिती नेमकी आहे. तरीही पहिल्या हंगामात मातीच घ्यावी, असे मी सुचवीन. कंपोस्टमध्ये चूक पचवण्याची ताकद असते; पाण्यात सामू बिघडला तर काही दिवसांतच पाने पिवळी पडतात. मातीतले चक्र नीट बसल्यावर एक-दोन भांडी पाण्याची ठेवून तुलना करावी.

धुतलेपान

ही पाने कच्ची खाल्ली जातात, म्हणून स्वच्छतेबद्दल थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. ताजे शेण किंवा अर्धवट कुजलेले खत या कुंड्यांत मुळीच वापरू नये. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांतही, खाण्याचा भाग मातीला लागतो अशा पिकांसाठी, कच्चे शेणखत घालणे आणि कापणी यांत किमान १२० दिवसांचे अंतर सांगितलेले आहे. सूक्ष्म पालेभाजी म्हणून अगदी लहान रोपे कापणार असाल तर औषध न लावलेले बीच घ्यावे. टोमॅटो, वांगे, मिरची आणि बटाटा यांची कोवळी रोपे मात्र खाऊ नयेत. त्या कुळातील पानांत विषारी द्रव्ये असतात.

मावा दिसल्यास पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तेवढ्याने न भागल्यास सौम्य साबणाचे पाणी संध्याकाळी फवारून दुसऱ्या दिवशी पाने धुवावीत. रॉकेट आणि मोहरीच्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके पडत असतील तर ते उड्या मारणाऱ्या लहान भुंगेऱ्यांचे काम असते. यावर पेरणीच्या दिवसापासून बारीक जाळी लावणे हा एकच भरवशाचा उपाय आहे, कारण भोके दिसल्यावर लावलेली जाळी कीड आतच कोंडते.

पाने शक्यतो सकाळी कापावीत, तेव्हा ती पाण्याने भरलेली आणि कुरकुरीत असतात. वाहत्या थंड पाण्यात धुवावीत, स्वच्छ कापडावर पूर्ण कोरडी करावीत आणि कोरड्या कापडासह डब्यात घालून ० ते ४ अंशांत ठेवावीत. डबा सफरचंद किंवा पिकलेल्या फळांपासून दूर ठेवावा, कारण त्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने लेट्यूसच्या पानांवर तपकिरी ठिपके पडतात.

खिडकीकाठ

सर्व सूचना लिहून घेतल्या आहेत. लेट्यूसचे बी ओल्या कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवले आहे. उद्या संध्याकाळी एका लांबट कुंडीत सुट्या पानांचे लेट्यूस आणि दुसरीत रॉकेट पेरीन. दोन आठवड्यांनंतरच्या तिसऱ्या पेरणीची तारीख कुंडीवर चिकटवली आहे. खिडकीसाठी दिवा आणि टायमर आल्यावर, पाण्याच्या पद्धतीऐवजी आधी मातीतलाच एक ट्रे त्याखाली ठेवीन आणि बीजपत्रे उघडल्यानंतर दांड्यांची उंची कशी राहते ते येथे छायाचित्रासह कळवीन.